पट आणि निकाल

एखाद्या शाळेविषयी गावात दोन प्रश्न विचारले जातात. निकाल कसा लागतो, हा पहिला. तो मोठ्याने विचारतात. तिथे कोणाची मुले जातात, हा दुसरा. तो आवाज खाली करून. भुसावळात नगरपालिकेच्या शाळेचे नाव निघाले की या दोन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर येते : 'तिथली पोरंच तशी.' जामनेर रोडच्या बंगल्यात हे ऐकू येते, रेल्वेच्या क्वार्टरांत ऐकू येते, आणि ज्यांची स्वतःची मुले त्या शाळेत आहेत अशा घरांतूनही ऐकू येते. यातले शेवटचे मला सर्वांत क्लेशदायक वाटते. हे पुस्तक त्या तीन शब्दांच्या विरोधात लिहिले आहे.

मुलाच्या घरची परिस्थिती आणि त्याचे गुण यांचा काही संबंध नसतो, चांगले शिक्षक लाभले की सगळे आपोआप होते, असे मात्र मला म्हणायचे नाही. संबंध असतो आणि तो घट्ट असतो. सकाळी आईबरोबर धुणीभांड्यांना जाऊन अकराला वर्गात येणारी सहावीतली मुलगी आणि शिकवणी, पुस्तके, अभ्यासाचे टेबल मिळणारा मुलगा एका बाकावर बसले म्हणून एका ठिकाणाहून निघालेले नसतात. माझे म्हणणे एवढेच आहे की पट न वाचता निकाल वाचू नये, आणि पट वाचला म्हणून निकालाची जबाबदारी खाली ठेवू नये. ही दोन्ही वाक्ये एकदम हातात धरणे अवघड जाते. शिक्षकांना पहिले आवडते, अधिकाऱ्यांना दुसरे.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी आहेत ते शाळा व्यवस्थापन समितीवरचे पालक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बजावले. एवढा मोठा अधिकार गावातल्या फार थोड्या संस्थांमध्ये सामान्य आईबापांच्या हाती आहे. पण बैठकीत आकडे वाचून दाखवले जातात, सगळे माना डोलावतात, आणि सही होते. सही करणाऱ्या आईला त्या आकड्याविषयी पुढचा प्रश्न विचारता यावा, इतके साधले तरी या पानांचे काम झाले.

आधी शाळेची हद्द ठरवली पाहिजे. आपल्याकडे मधली शाळा अशी एक अखंड चीज नाही. महाराष्ट्राची जुनी घडी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. शिक्षण हक्क कायद्याने पाचवी प्राथमिकात टाकली आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा केला. कागदावर घडी बदलली, इमारती मात्र जुन्याच घडीच्या राहिल्या. कुठे पालिकेची शाळा सातवीला संपते आणि आठवीसाठी मूल अनुदानित हायस्कुलात जाते. कुठे आठवीचा वर्ग जोडलेला आहे. कुठे पाचवीलाच मुले निघून जातात, कारण हायस्कूलला पाचवीपासून तुकड्या भरायच्या असतात. म्हणून पालिका शाळेचा 'आठवीचा निकाल' म्हणताना तो नेमका कोणाचा, हे दरवेळी विचारावे लागते. या पुस्तकात मी पाचवी ते आठवी हा पट्टा धरला आहे. मूल याच वर्षांत शाळेला चिकटते किंवा तिच्यापासून सुटू लागते.

आता गाव. भुसावळ हे रेल्वेने घडवलेले शहर आहे. जीआयपी रेल्वेचा रूळ १८६० च्या दशकात तापीकाठी आला, इथून एक वाट खांडव्याकडे आणि दुसरी नागपूरकडे फुटली. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत गाडी धावू लागली आणि एका लहानशा गावाचे जंक्शन झाले. त्या जंक्शनने माणसे आणली. तेलुगू, तमिळ, हिंदी, उर्दू बोलणारी, अँग्लो-इंडियन, पुढे फाळणीनंतर सिंधी. आणि आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले लेवा, गुजर, मराठा, महार, भिल्ल, तडवी. स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आली, शेजारी वरणगावला दुसरी आली, मग दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र. प्रत्येक कारखान्याबरोबर कायम नोकरीवाल्यांची एक वसाहत आणि तिच्या भोवती रोजंदारीवाल्यांची एक वस्ती, अशी जोडी उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ८७ हजारांच्या घरात होती. एवढ्या आकाराच्या महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांत इतक्या घरभाषा एका फलाटावर सापडतील.

कायम नोकरीवाल्यांची मुले आणि रोजंदारीवाल्यांची मुले पूर्वी पुष्कळदा एकाच शाळेत असत. वडील ड्रायव्हर, गार्ड किंवा फिटर, आणि मुलगा पालिकेच्या शाळेत, हे एके काळी इथे नवल नव्हते. पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, अनुदानित शाळांनी सेमी-इंग्रजीच्या तुकड्या काढल्या, २००९ च्या कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. ज्या पालकाकडे थोडा पगार, थोडी माहिती किंवा अर्ज भरून देणारा कोणी नातेवाईक होता, त्याने मूल हलवले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या मुलाचे भले पाहणे हा गुन्हा नव्हे. पण त्यातून घडले ते असे की पालिका शाळेत उरलेली मुले ही गावाचा नमुना राहिली नाहीत. बांधकामावरच्या मजुरांची, रिक्षावाल्यांची, फलाटावर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची, जिनिंगमध्ये आणि तापीकाठच्या वीटभट्ट्यांवर राबणाऱ्यांची, रावेर-सावद्याकडे केळी कापायला आणि भरायला जाणाऱ्यांची, घरकाम करणाऱ्या एकल आयांची मुले आता पटावर अधिक दिसतात. या शाळेची तुलना जेव्हा शुल्क घेणाऱ्या शाळेशी होते, तेव्हा दोन शाळांची तुलना फार थोडी आणि दोन प्रकारच्या घरांची तुलना फार मोठी झालेली असते.

सरासरी कशी फसवते हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, सहावीच्या वर्गात चाळीस मुले आहेत. वीस जणांची सरासरी ७० गुण, वीस जणांची ५०. वर्गाची सरासरी ६०. सातवीला जाताना पहिल्या गटातली दहा मुले दुसऱ्या शाळेत गेली. उरलेल्या तीसही मुलांनी वर्षभर मेहनत केली आणि प्रत्येकाचे दोन-दोन गुण वाढले. आता दहा जण ७२ वर, वीस जण ५२ वर. वर्गाची सरासरी किती? ५८.७ च्या आसपास. एकही मूल मागे गेलेले नाही, प्रत्येक जण पुढे सरकला आहे, आणि तरी शाळेच्या फळ्यावर 'निकाल घसरला' असे लिहावे लागते. हेच उलटेही होते : कच्ची मुले हळूहळू गळाली की कोणी काही न शिकवता सरासरी चढते. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे, कारण त्याचे अभिनंदन होते.

म्हणून मी वाचकाला निकालपत्रकाच्या आधी जनरल रजिस्टरकडे नेतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत, लोखंडी कपाटात, जाड पुठ्ठ्याचे ते मोठे पुस्तक असते. त्यात एका ओळीत एक मूल : नाव, आईचे नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. गावाचा सामाजिक इतिहास लिहायला याहून प्रामाणिक कागद दुसरा नाही. जातीचा दाखला काढायचा असला की लोक आजोबांच्या नावाचा प्रवेश-निर्गम उतारा मागायला याच कपाटाशी येतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे पुन्हा उघडली गेली. आजोबांची जात शोधायला आपण हे पुस्तक उघडतो. नातवंडे शाळेत किती काळ टिकतात हे शोधायला ते उघडल्याचे मला फारसे दिसलेले नाही.

ते कसे उघडायचे? एखाद्या वर्षी पाचवीत असलेली सगळी नावे उतरवून घ्यायची, आणि तीन वर्षांनी आठवीच्या हजेरीपत्रकात त्यांतली किती सापडतात ते पाहायचे. जी सापडत नाहीत त्यांचे 'सोडण्याचे कारण' वाचायचे. 'पालकांची बदली', 'स्थलांतर', 'सतत गैरहजर', 'पालकांची इच्छा'. यातल्या 'पालकांची इच्छा' या दोन शब्दांमागे काय काय दडलेले असते ते शोधणे हे चौकस पालकाचे काम आहे. इंग्रजी शाळेत गेलेला मुलगाही तिथेच असतो आणि चौदाव्या वर्षी लग्नाची बोलणी सुरू झालेली मुलगीही तिथेच. मग जी नावे सापडली, त्यांचे पाचवीतले आणि आठवीतले वाचन, गणित शेजारी शेजारी ठेवायचे. शाळेने काय केले याचा अंदाज इथे येतो. त्याच मुलांच्या, त्याच मुलींच्या, तीन वर्षांच्या वाटचालीत.

रेल्वेच्या गावात ही नावे फार हलतात. बदली हे एक कारण. दुसरे म्हणजे घरांखालची जमीन. रेल्वेच्या हद्दीतल्या जुन्या चाळी, त्यांच्या आजूबाजूची अतिक्रमणे, कारवाईच्या नोटिसा, हटवलेली घरे हा भुसावळच्या नित्य चर्चेचा विषय आहे. जमीन कोणाची हा कायद्याचा प्रश्न असेल. शाळेपुरता परिणाम साधा असतो. घर तीन किलोमीटर दूर गेले की दहा वर्षांची मुलगी शाळेत एकटी कशी येणार? मोठा भाऊ सायकलवर येतो, धाकटी घरी राहते. तिसरे कारण हंगाम. दिवाळीनंतर ऊसतोडीला, भट्टीवर, जिनिंगला जाणारी कुटुंबे मुलांना बरोबर नेतात. अशा मुलांना गावातच थोपवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे मुले टिकतात. वेळेवर, हा शब्द इथे फार महत्त्वाचा. कुटुंब एकदा ट्रकमध्ये बसल्यावर सुरू झालेल्या वसतिगृहाचा त्या मुलाला उपयोग नाही.

परीक्षांविषयी थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्यानंतर आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही असे ठरले, तेव्हापासून या वर्गांचा उत्तीर्णतेचा टक्का काहीच सांगेनासा झाला. आकारिक आणि संकलित मूल्यमापनातून श्रेणी मिळते. ती देणारा शिक्षक आणि शिकवणारा शिक्षक एकच. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा व फेरपरीक्षा आणली आणि त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद परत आली. ती राबवताना कोणत्या घरची मुले मागे ठेवली जातात यावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवीन. आठवीत पुन्हा बसवलेला गरीब मुलगा बहुधा पुढच्या जूनमध्ये बाकावर नसतो, गॅरेजमध्ये असतो.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झाले, डिसेंबर २०२४ मध्ये 'परख'च्या नावाने तिसरी, सहावी आणि नववीची चाचणी झाली. ही सर्वेक्षणे नमुन्यावर चालतात. ती जळगाव जिल्ह्याविषयी बोलतात, भुसावळच्या एका शाळेविषयी नाही. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचा अहवाल वर्तमानपत्रांत गाजतो, पण तो ग्रामीण भागातल्या घरांचा असतो. नगरपालिकेची हद्द लागली की तो थांबतो. 'असर'ची रीत मात्र उचलण्यासारखी आहे : अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा चार पायऱ्यांवर मूल कुठे आहे हे पाच मिनिटांत, मुलाला न घाबरवता, कळते. कोणतीही शाळा जूनमध्ये आणि मार्चमध्ये हे करू शकते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

शिष्यवृत्तीच्या आकड्यांना गावात मोठा मान आहे. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, आणि आठवीत होणारी एनएमएमएस ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. एनएमएमएसमध्ये निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात; पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते, आणि शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित असावी लागते. म्हणजे ही परीक्षा जणू पालिका शाळेतल्या मुलासाठीच घडवलेली आहे. तिची तयारी मनापासून करून घेणाऱ्या शिक्षकांविषयी मला आदर आहे. तरी आकडा वाचताना किती पात्र झाले याच्या आधी किती बसले, आणि कोणाला बसू दिले, हे विचारा. वर्गातली सहा चुणचुणीत मुले निवडून त्यांनाच जादा तास देणे सोपे असते. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने प्रत्येक शाळेचे निकाल वंश, भाषा, गरिबी अशा गटांनुसार जाहीर करणे बंधनकारक केले, तेव्हा चांगल्याबरोबर हेही घडले : उत्तीर्णतेच्या रेषेच्या अगदी जवळ असलेल्या मुलांवर मेहनत वाढली आणि फार मागे असलेल्यांकडे पाठ फिरली. आकडा जाहीर होणार म्हटल्यावर शाळा आकड्यासाठी वागू लागते, मग ती शिकागोची असो की खानदेशातली.

पटाच्या रकान्यांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे मुले हरवतात. यूडायस या शाळांच्या माहिती-नोंदणीच्या राष्ट्रीय नमुन्यात सामाजिक प्रवर्ग चार : खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास. महाराष्ट्रात ज्यांना आपण विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग म्हणून वेगळे ओळखतो, त्यांना तिथे स्वतंत्र घर नाही. वर्षातले चार महिने पालावर राहणारा मुलगा आणि पाच एकर बागायत असलेल्या घरचा मुलगा एका रकान्यात येऊ शकतात, आणि त्या रकान्याची सरासरी दोघांविषयीही खोटे बोलते. भुसावळात मोठी बौद्ध वस्ती आहे. तिथले मूल जातीच्या रकान्यात अनुसूचित जाती आणि धर्माच्या रकान्यात अल्पसंख्याक असे दोन ठिकाणी मोजले जाते. अल्पसंख्याक या एका शब्दात उर्दू माध्यमातली खडका रोडची मुलगी, बौद्ध मुलगा आणि व्यापारी जैन कुटुंबातले मूल एकत्र येतात. या तिघांच्या शिक्षणाचे प्रश्न एक कसे असतील?

आणि भाषा. इथल्या मुलाच्या घरी लेवा गणबोली असते, तावडी असते, धुळ्या-अमळनेराकडून आलेल्याच्या घरी अहिराणी, सातपुड्यातून उतरलेल्याच्या घरी पावरी. पटावर यांपैकी बहुतेकांची मातृभाषा 'मराठी' लिहिली जाते. २०११ च्या जनगणनेने खानदेशी ही स्वतंत्र भाषा धरून तिचे १८ लाखांहून अधिक बोलणारे मोजले. शाळेच्या रजिस्टरात ती सापडणे अवघड. मूल वहीत 'तो काय करून राह्यला' असे लिहिते आणि लाल शाईची रेघ येते. पहिलीपासून आठवीपर्यंत अशा रेघा खाणारे मूल हळूहळू बोलायचे कमी करते, आणि मग आपण त्याला 'कच्चा' म्हणतो. ज्या बहिणाबाईंच्या नावाने आज जळगावचे विद्यापीठ ओळखले जाते, त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या आणि त्यांची सारी कविता याच मातीच्या बोलीत आहे. त्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपण त्यांच्या बोलीत उत्तर देणाऱ्या पोराला वर्गात उभे करून हसतो, ही मला सहन न होणारी गोष्ट आहे. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे; तिच्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत. पण ती मुलाच्या बोलीच्या खांद्यावर बसवून शिकवता येते. बोलीचा गळा दाबून शिकवलेली भाषा मुलाच्या तोंडात येत नाही.

घर की शाळा, हा वाद जगाने आधीच घातलेला आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाख विद्यार्थी पाहणारा अहवाल आला. इमारती, पुस्तके, खर्च यांतल्या फरकांपेक्षा घरची पार्श्वभूमी आणि वर्गमित्रांची पार्श्वभूमी निकालाशी जास्त जोडलेली आहे, असे त्यात दिसले. त्याचा अर्थ अनेकांनी 'शाळेने काही फरक पडत नाही' असा लावला. तेरा वर्षांनी, १९७९ मध्ये, मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या बारा माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले शाळेत दाखल होताना कुठे होती याची नोंद त्यांच्याकडे होती. ती हिशेबात घेतल्यावर दिसले की सारख्याच पातळीची मुले घेणाऱ्या शाळांमध्येही हजेरी, वागणूक आणि परीक्षा यांत मोठा फरक आहे. आणि तो फरक शिक्षक वर्गात वेळेवर येतात का, गृहपाठ तपासला जातो का, मुलांना जबाबदाऱ्या आणि शाबासकी मिळते का, अशा रोजच्या गोष्टींशी बांधलेला आहे. कोलमन वाचून शिक्षकाने सुटकेचा श्वास सोडू नये, म्हणून मी रटर सांगतो. आणि रटर वाचून अधिकाऱ्याने शिक्षकावर नोटीस काढू नये, म्हणून कोलमन.

आपल्या मातीत हा प्रश्न याहून जुना आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी विचारले होते ते हेच : सरकारी शाळांत कोणाची मुले आहेत, आणि कोणाची नाहीत. कर शेतकऱ्याकडून येतो आणि शिक्षण वरच्या वर्गांकडे जाते, हे त्यांनी मांडले. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या मुलाला गुरे आणि शेत सोडून शाळेत येता यावे म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे सुचवली. पटाचा विचार त्यांनी मुलाला अधिक देण्यासाठी केला. जवळजवळ दीडशे वर्षांनी आपण तोच पट मुलाकडून कमी अपेक्षा ठेवण्यासाठी वापरू लागलो, तर आपण त्यांचे नाव घेऊ नये.

पटाचा आणखी एक परिणाम शाळेच्या बाहेर कोणाला दिसत नाही : शिक्षकांच्या जागा. पट किती, त्यावर संचमान्यता, आणि संचमान्यतेवर मंजूर पदे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, आणि कागदावरची कितीतरी नावे वर्गात नाहीत हे उघड झाले. त्या बनवेगिरीला आळा घालायलाच हवा होता. पुढे पट आधारशी जोडला गेला. यात खरा मार बसतो तो अशा मुलाला, जे रोज वर्गात येते पण ज्याच्या आधारमधले नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. भट्टीवर जन्मलेल्या, दोन जिल्ह्यांत फिरलेल्या मुलाचे हे सहज होते. ते बाकावर आहे, खिचडी खाते आहे, पण त्याच्यासाठी शिक्षक मोजला जात नाही. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असल्यास पद मंजूर न करण्याची तरतूद आली, तिला शिक्षक संघटनांनी विरोध केला. आपल्यापुरता तिचा अर्थ स्पष्ट आहे : दहा मुले इंग्रजी शाळेत गेली की त्यांच्यामागोमाग गणिताचा शिक्षकही जाऊ शकतो, आणि शिक्षा राहिलेल्यांना होते. समितीवरच्या पालकांनी जुलैच्या आत आधार जुळवणीची यादी मागून घ्यावी आणि त्या घरांत स्वतः जावे, हे या पुस्तकातले सर्वांत व्यवहारी सांगणे आहे.

आज या वर्गांत बसलेल्या मुलांविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. जून २०२० मध्ये ज्याचे पहिलीत नाव घातले, ते मूल जून २०२५ मध्ये सहावीत आले. त्याची पहिली आणि बरीचशी दुसरी कोविडमुळे बंद दारामागे गेली. ज्या घरात मोबाइल एकच होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता, तिथे या दोन वर्षांत अक्षरओळखही झाली नसेल. हातच्याची वजाबाकी चुकवणाऱ्या सहावीतल्या मुलाला 'पाया कच्चा' म्हणताना तो पाया घालायच्या दिवसांत शाळा उघडी नव्हती, हे ध्यानात असावे. या तुकड्या आठवी पार करेपर्यंत मागच्या वर्षांशी त्यांची तुलना करून शिक्षकाला जाब विचारणे मला अन्यायाचे वाटते. रोजचा एक तास पायाभूत वाचन आणि गणितासाठी, सहावी-सातवीतसुद्धा, हक्काने राखून ठेवणे हे मात्र मागितलेच पाहिजे.

पुढच्या प्रकरणांत आकडे कसे लिहावेत याचे नमुने आहेत. एक पथ्य त्यात कटाक्षाने पाळले आहे. वर्गात अनुसूचित जमातीच्या तीनच मुली असतील तर त्यांच्या गटाची टक्केवारी कुठेही छापायची नाही, फळ्यावर लिहायची नाही, बैठकीत वाचायची नाही. तीन जणींची टक्केवारी म्हणजे तीन नावे. शिवाय पंचवीसच्या वर्गात एक मूल म्हणजे चार टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी शाळा 'घसरते'. लहान वर्गाचे एका वर्षाचे आकडे कोणी पुढे केले तर निदान तीन वर्षांचे एकत्र मागावेत.

शेवटचे प्रकरण अजून रिकामे आहे आणि ते शाळांनीच भरायचे आहे. आठवीनंतर मूल कुठे गेले, याचा रकाना जनरल रजिस्टरात नाही. दाखला दिला की शाळेचा संबंध संपतो. नववीत नाव लागले का, दहावीला बसले का, आयटीआयला गेले का, की आणखी कुठे, हे कोणी विचारत नाही. भुसावळची हायस्कुले दोन-चार किलोमीटरच्या आत आहेत. ऑगस्टमध्ये समितीवरच्या दोन पालकांनी आणि एका शिक्षकाने मागच्या वर्षीच्या आठवीची यादी घेऊन त्या शाळांच्या कार्यालयांत जायचे, नववीच्या हजेरीपत्रकात नावे ताडून पाहायची, आणि जी सापडली नाहीत त्या घरांचे दार सप्टेंबर उजाडण्याच्या आत वाजवायचे. नववीचे प्रवेश तोवर पुरते बंद झालेले नसतात.